धारावीत वाढणारी मुलगी 'धड कुठलीच' होणार नाही का?

तुम्ही विचारलंय, की आम्ही साताऱ्याचे, राहतो धारावीत; नऊ वर्षांची मुलगी घरी मराठी बोलते, गल्लीत हिंदी, मैत्रिणीकडे तमिळ, शाळा इंग्रजी. अशानं ती धड कुठलीच होणार नाही का? नव्वद फुटी रस्त्याजवळच्या एका अभ्यासिकेत मी बारा वर्षं संध्याकाळी मुलांना शिकवते. तुमची काळजी मला समजते, पण ती भलत्याच गोष्टीची आहे असं वाटतं.

गल्लीतल्या भाषांना घाबरू नका. कुंभारवाड्यातल्या मुलांचे पूर्वज सौराष्ट्रातून आले, चामड्याच्या धंद्यातली कितीतरी घरं तिरुनेलवेलीकडची, आणि कोळीवाडा तर या सगळ्यांच्या आधीचा. एकदा माझ्या वर्गाला शेकडेवारी काही केल्या कळेना. कुंभारवाड्यातल्या एका मुलाला विचारलं, भट्टीत शंभर पणत्या लावल्या तर फुटतात किती? म्हणाला, आठ-दहा, पावसाळ्यात जास्त. त्यानं गुजरातीत पुटपुटत हिशेब केला, शेजारच्या तमिळ मुलीला हिंदीत समजावला आणि वहीत मराठीत उतरवला. त्या दिवशी अख्खा वर्ग शेकडेवारी शिकला.

काळजी करायचीच तर वाचनाची करा. मुंबई महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांत चालतात, त्यात तमिळ, तेलुगू, कन्नडही आहेत; तरी आईबाप इंग्रजीकडेच वळतात. त्यांना दोष कसा देणार, नोकरी तिथेच दिसते. पण सातवीतली मुलं इंग्रजी धडा घडाघडा वाचतात आणि अर्थ विचारला की मान खाली घालतात, हे मी दर वर्षी पाहते. घरची भाषा बोलता येते पण वाचता येत नाही, शाळेची वाचता येते पण कळत नाही. अशा मुलांनी विचार करायचा कोणत्या भाषेत? 2020च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली, ते चांगलंच झालं, पण तेवढ्या तासांवर भागत नाही. रोज रात्री तिच्याकडून शाळेतला विज्ञानाचा धडा मराठीत समजावून घ्या. अडली तर अडू दे, शब्द दोघी मिळून शोधा. आणि पानभर मराठी मोठ्यानं वाचून घ्या.

राहिली ओळख. आपल्याकडे भेटल्या भेटल्या विचारतात, 'गाव कुठलं?' इथं जन्मलेली मुलं या प्रश्नाला अडखळतात, कारण बापाचं गाव त्यांनी दोनदाच पाहिलेलं असतं. माझा एक विद्यार्थी धारावीचं नाव टाळायला नोकरीच्या अर्जात पत्ता शेजारचं 'सायन' लिहायचा. पिनकोड मात्र 400017, म्हणजे धारावीचाच. मुलाखतीत कुणीतरी ते बोलून दाखवलं आणि तो घरी येऊन दोन दिवस गप्प होता. त्याच्या चार भाषांनी त्याला कधी असं खाली पाहायला लावलं नव्हतं. तुमच्या मुलीनं 'माझं गाव सातारा' म्हणावं की 'मी धारावीची' म्हणावं, हे तिचं तिला ठरवू द्या. दोन्ही म्हणाली तरी चालेल.

सुट्टीत तिला साताऱ्याला न्या, आजीची बोली कानावर पडू दे. आणि पोंगलला बायका रस्त्यावर चुली मांडून मडक्यात भात शिजवतात, तिथेही घेऊन जा. मैत्रिणीच्या आईशी ती तमिळमध्ये बोलू लागली, तर मध्येच 'मराठीत बोल' म्हणू नका. घरी आल्यावर विचारा, काय काय बोललात.