जुगारात बुडालेल्या भावाचं कर्ज फेडावं का?

धाकटा भाऊ ऑनलाइन जुगारात कर्जबाजारी झालाय, "ही शेवटची वेळ, एवढं फेडा" म्हणतोय, तर पैसे द्यावेत का, असं तुम्ही विचारलंय. त्याच्या हातात देऊ नका. मी माझ्या भावाला तीनदा दिले. तिन्ही वेळा तो ढसाढसा रडला, आणि ते रडणं खोटं नव्हतं. पण कर्ज फिटलं की त्याच्या लेखी पाटी कोरी व्हायची. युधिष्ठिराचं दुसरं काय झालं? धृतराष्ट्राने हरलेलं सगळं परत दिलं, तरी बोलावणं येताच स्वारी पुन्हा फाशांपुढे हजर.

मी याला हावरटपणा समजत होतो. खरं तर कधी लागेल याचा नेम नसतो, तेच माणसाला खिळवून ठेवतं. थोडक्यात हुकलेला डाव त्याला हरल्यासारखा वाटतच नाही. मग गेलेलं वसूल करायला पुढचा डाव. अमेरिकन मानसोपचार संघटनेने 2013 साली जुगाराला दारू आणि ड्रग्जच्या पंगतीत, व्यसनांमध्ये बसवलं. त्यांच्या 9 लक्षणांत एक आहे: अडचणीतून सुटायला इतरांच्या पैशांवर विसंबणं. म्हणजे मी ज्याला मदत म्हणत होतो, ती आजाराच्या यादीतच होती!

आधी सगळी देणी त्याला कागदावर लिहायला लावा. पहिला आकडा कमीच असतो. आमच्याकडे खरा आकडा तिसऱ्या कागदावर आला. हप्ते त्याच्याच कमाईतून आणि थेट देणेकऱ्याला जाऊ देत. त्याची तयारी असेल तर पगाराच्या खात्यावर घरातल्या कुणाचं तरी लक्ष राहू द्या. जामीन म्हणून सही मात्र करू नका, आईने गळ घातली तरी.

उपचारांत सीबीटीचा, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचाराचा, उपयोग होतो. 1957 साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेल्या 'गॅम्बलर्स अनॉनिमस' या जुगार सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या बैठका अनेक देशांत होतात. घरच्यांसाठी 'गॅम-अनॉन' आहे. तुम्हालाही कुणाशी तरी बोलावं लागेल, लाज बाजूला ठेवून.

आणि एक प्रश्न त्याला आजच विचारा: जीव द्यावासा वाटतो का? या व्यसनात तो धोका मोठा असतो, आणि विचारल्याने तसले विचार डोक्यात शिरत नाहीत. "हो" म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या. कर्जाचं नंतर बघता येईल.

माझा भाऊ मध्ये एकदा घसरला. त्या रात्री त्याचा फोन आला. पैसे मागितले नाहीत, फक्त "खेळलो" म्हणाला.