दोन माणसांमधील गुरुत्वाकर्षण बल कसे काढायचे, आणि ते शून्य मानले तर चालेल का?

एक मीटर अंतरावर बसलेल्या ७५ व ८० किलोग्रॅम वस्तुमानाच्या दोन व्यक्तींमधील बल आपण विचारले आहे. दोन्ही वस्तुमानांचा गुणाकार ६०००, अंतराचा वर्ग १; त्यांच्या भागाकाराला वैश्विक गुरुत्व स्थिरांकाने, म्हणजे ६.६७ गुणिले १० चा उणे ११ वा घात याने गुणले की सुमारे ०.४ मायक्रोन्यूटन (मायक्रोन्यूटन म्हणजे न्यूटनचा दहा लाखावा भाग) बल मिळते. ते शून्य मुळीच मानू नये.

मी विज्ञान शिकवीत असे त्या शाळेतील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांशी याच मुद्द्यावर माझा दीर्घकाळ वाद होता. एवढ्या अल्प बलाचे उत्तर ते मुलांना ‘शून्य समजा’ म्हणून सोडून द्यायला सांगत. एकदा त्यांच्या तासाला एका विद्यार्थिनीने विचारले की, हे बल मोजण्याजोगे नसेल तर सूत्रातील स्थिरांक कोणी आणि कसा शोधला. अभ्यासक्रमाबाहेरचे विचारू नये, असे सांगून तिला खाली बसवण्यात आले. ती माझ्याकडे आली, तेव्हा मी तिला हेन्री कॅव्हेंडिश यांचा १७९७-९८ मधील प्रयोग फळ्यावर काढून दाखवला. जॉन मिशेल यांनी कल्पिलेल्या त्या उपकरणात तारेने टांगलेल्या सहा फुटी दांडीच्या टोकांना सुमारे ०.७३ किलोग्रॅमचे शिशाचे गोळे होते आणि त्यांच्याजवळ सुमारे १५८ किलोग्रॅमचे मोठे गोळे आणले जात. हवेच्या हालचालीने दांडी ढळू नये म्हणून उपकरण बंद खोलीत ठेवून कॅव्हेंडिश बाहेरून दुर्बिणीने पाहत असत. त्यांना हवी होती पृथ्वीची घनता, आणि ती पाण्याच्या सुमारे ५.४५ पट आली. आजचे मूल्य ५.५१ आहे. केंद्रांमधील अंतर २२.५ सेंटिमीटर घेऊन त्या मुलीने स्वतः आकडेमोड केली, तेव्हा गोळ्यांच्या एका जोडीतील बल निघाले सुमारे ०.१५ मायक्रोन्यूटन. ज्याला वर्गात शून्य म्हटले गेले, त्याच्या निम्म्याहूनही कमी बल अठराव्या शतकात मोजून झाले होते!

‘याला परीक्षेत गुण नाहीत’, एवढेच उत्तर मला सहकाऱ्यांकडून मिळाले. माझे मत तेव्हाही हेच होते की, जो शिक्षक मोजलेल्या राशीला शून्य म्हणायला शिकवतो, तो भौतिकशास्त्र शिकवतच नाही. आपल्यालाही कोणी ‘नगण्य’ लिहायला सांगितले, तर कशाच्या तुलनेत, हे अवश्य विचारावे: ८० किलोग्रॅमच्या व्यक्तीचे वजन सुमारे ७८४ न्यूटन असते आणि हे बल त्याहून जवळजवळ दोनशे कोटी पट लहान आहे, म्हणून ते आपल्याला जाणवत नाही.

मात्र हे सूत्र बिंदुवत वस्तूंना किंवा एकसमान गोलांना तंतोतंत लागू पडते. माणसे गोल नसल्यामुळे वरचे उत्तर अंदाजापुरतेच आहे, त्यात दशांशाची अनेक स्थळे लिहिण्यात अर्थ नाही. अंतरही नेहमी केंद्रापासून केंद्रापर्यंत घ्यावे. ४०० किलोमीटर उंचीवरील उपग्रहासाठी पृथ्वीची त्रिज्या ६३७१ अधिक ४००, म्हणजे ६७७१ किलोमीटर. नुसते ४०० घातले तर बल सुमारे २८६ पट मोठे येते.