कितव्या मिनिटाला आहेस?

पावसाळा लागला की माझ्याकडं, म्हणजे समुपदेशकाकडं, एक प्रश्न हमखास येतो आणि तो बहुतेक वेळा आईच विचारते. "मॅडम, पोरगं रात्रंदिवस कॉम्प्युटरवर फुटबॉल खेळतंय, व्यसन लागलंय का हो त्याला?" कोल्हापुरात हा प्रश्न जरा जास्तच, कारण इथं फुटबॉल म्हणजे काय ते सांगायला नको, पाटाकडील-दिलबहार या तालमींच्या टीमची मॅच असली की शाहू स्टेडियमला पाय ठेवायला जागा नसते, आणि पावसाळ्यात गांधी मैदानाचं तळं झालं की पोरं जाणार कुठं, टर्फला तासाचे पैसे मोजावे लागतात, मग स्क्रीनवर.

गेल्या पावसाळ्यातली केस सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललंय, त्यामुळं नुसतं पोरगा म्हणते. अकरावी सायन्स, पेठेतला, तालमीच्या ज्युनिअर टीमला लेफ्ट बॅक. आई-वडील घेऊन आले, पोरगा खुर्चीत बसून बुटाच्या लेसकडं बघत राहिला. आई एका दमात सगळं बोलली, "रोज पाच-सहा तास चालतंय मॅडम, जेवायला हाक मारली की आलो आलो, आणि येत काही नाही, परवा मी गेलो आणि वायफायचं बटणच बंद केलं, तर यानं कीबोर्ड भिंतीवर मारला, आजवर आवाज चढवलेला नव्हता पोरानं." वडील गप्प. मग एकच वाक्य, "आणि माझ्या खात्यातनं अकरा हजार गेलेत."

मी पोराला किती तास खेळतोस ते विचारलंच नाही. विचारलं, "मम्मीनं बंद केलं तेव्हा स्कोअर काय होता?"

पहिल्यांदा मान वर झाली. "दोन-एक. लीडवर होतो. 85वं मिनिट."

आईला हे काहीच माहीत नव्हतं आणि तिचा दोषही नाही. तो खेळत होता ईए स्पोर्ट्स एफसी, 2023 पर्यंत ज्याला सगळे फिफा म्हणायचे तोच गेम. ऑनलाइन मॅचमध्ये समोर खराखुरा माणूस बसलेला असतो, जेवायला जातो म्हणून हवा तेवढा वेळ पॉज करता येत नाही, आणि नेट गेलं की हरलास. म्हणजे आईच्या लेखी तिनं मशीन बंद केलं, पोराच्या लेखी जिंकत आलेली मॅच कुणीतरी मैदानात घुसून थांबवली. कीबोर्ड फेकणं चूकच, ते त्याला स्पष्ट सांगितलं, नवा कीबोर्ड त्याच्या पॉकेटमनीतून आला.

मग व्यसनाचं काय? आईनं मोबाईलवर बरंच वाचलं होतं. डब्ल्यूएचओनं 2019 साली गेमिंग डिसऑर्डर आजारांच्या यादीत घेतला, 2022 पासून ती यादी लागू आहे, पण त्यात तासांचा आकडा कुठंच नाही हे तिला नवीन होतं. ताबा सुटलाय का, बाकी सगळ्याच्या वर गेम गेलाय का, नुकसान दिसत असून चालूच आहे का, आणि हे साधारण वर्षभर टिकून शिक्षण-घर सगळं विस्कटलंय का, हे बघतात. हा कॉलेजला जात होता, मित्र होते, उघडीप मिळाली की बूट घालून ग्राउंडवर पळत होता. ज्यांच्या घरी दिवस-रात्र उलटी झालीये, कॉलेज सुटलंय, पोरगं मरणाबिरणाचं बोलतंय, त्यांनी माझ्यासारखीची वाट बघू नये, मानसोपचारतज्ज्ञ गाठावा, नाहीतर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनला 14416 वर फोन करावा, फुकट आहे.

पण याचं काहीच बिघडलं नव्हतं असंही नाही. आठवडाभर वहीत नोंद ठेवायला लावली, त्यानंच लिहायची. सोमवार ते गुरुवार तासाच्या आत. शुक्रवार ते रविवार नुसता कल्ला, रात्री दोन-दोनपर्यंत. कारण विचारलं तर म्हणाला, गेममध्ये चॅम्पियन्स नावाची स्पर्धा असते, वीकेंडला 15 मॅच संपवायच्या, जितक्या जिंकाल तितकं बक्षीस. स्क्रीनवरचं घड्याळ पळतं आणि नव्वद मिनिटं दाखवतं, पण खरी एक मॅच म्हणजे सहा-सहा मिनिटांचे दोन हाफ, लोडिंग वगैरे धरून वीसेक मिनिटं. कागदावर गुणाकार केला, पाच तास. तो स्वतःच म्हणाला, "एवढंच? मग मी दोनपर्यंत काय करतो?"

तेच शोधायचं होतं. पुढच्या वेळी लॅपटॉप आणायला सांगितला. आधी त्यानं मला खेळायला बसवलं, एस म्हणजे पास, डी म्हणजे शूट, मी सहा-शून्यनं हरले आणि त्यातला एक गोल बहुतेक मीच माझ्यावर मारला. मग त्यानं पॅक दाखवले. पैसे देऊन पॉइंट घ्यायचे, पॉइंटनं पॅक फोडायचं, आत आपल्या टीमसाठी कुठल्या खेळाडूचं कार्ड निघेल ते नशीब. जत्रेतली लॉटरीच, फक्त फटाके आणि लाइटिंग जास्त. मॅच हरला की तो चांगल्या खेळाडूसाठी पॅक फोडायचा, नाही निघाला की अजून एक. बेल्जियमनं 2018 मध्ये असल्या पॅकना जुगार ठरवलं, पुढच्या वर्षी कंपनीला तिथं पॉइंट विकणं बंद करावं लागलं. पॅकवर टक्केवारी छापलेली असते, आम्ही दोघांनी ती उघडून वाचली, भारी कार्डापुढं 1 टक्क्याहून कमी. वडील मागून म्हणाले, "आणि सप्टेंबरात नवा गेम आला की ही टीम?" पोरगा म्हणाला, "शून्य. परत पहिल्यापासनं." वडिलांनी खुर्ची ओढून घेतली आणि पहिल्यांदा नीट स्क्रीन बघितला.

माझं मत विचाराल तर मॅचला शेवटची शिट्टी असते, पॅकला नसते. म्हणून मॅच चालू ठेवल्या, दिवसाला पाच, साडेदहानंतर नवीन सुरू करायची नाही. पॅकला पैसे बंद, जिंकून मिळतील तेवढे फोडायचे. आईनं वायफायला हात लावायचा नाही, हाक मारायच्या आधी विचारायचं, कितव्या मिनिटाला आहेस. तिसऱ्या सेशनला आई सांगत होती, "तो सत्तर म्हणाला की मी भाकरी तव्यावर टाकतो, येईपर्यंत फुगलेली असती."

सप्टेंबरात वडिलांचा फोन. नवीन गेम घेऊ का? म्हटलं गेम घ्या, पॅकचं ठरलंय तसं. म्हणाले, "ते खरं मॅडम, पण मी यूपीआयचा पिन बदललेला, तो हिला दूधवाल्यासाठी सांगितला, आणि ही पिन टाकताना मोठ्यानं म्हणती." गेल्या महिन्यात परत आठशे गेले होते. आता दोघा नवरा-बायकोला बोलावलंय, पोराला सोडून.