‘विथ’मधला ‘वि’

प्रश्न आलाय: ‘माझ्या बहिणीचं लग्न डॉक्टरशी झालंय’ हे इंग्रजीत सांगताना ‘मॅरीड विथ’ म्हणायचं की ‘मॅरीड टू’?

‘मॅरीड टू’. लग्नसराईत ‘मॅरीड विथ’ ऐकून ऐकून कान किटलेत. ‘मॅरी’ हे क्रियापद वापरलं तर मध्ये काहीच नको: ‘शी मॅरीड अ डॉक्टर’. ‘मॅरीड विथ टू चिल्ड्रन’ मात्र बरोबर, कारण त्याचा अर्थ लग्न झालेलं, पदरी दोन मुलं.

या चुकीचं मूळ शाळेतल्या विभक्तीच्या तक्त्यात आहे. तृतीयेचे प्रत्यय म्हणून ‘ने, ए, शी’ एका दमात घोकून घेतात आणि तिघांनाही ‘विथ’ चिकटवतात. ‘सुरीने कापलं’मधला ‘ने’ साधन दाखवतो. ‘डॉक्टरशी’ यात साधन कुठलं? संस्कृतच्या साच्यात मराठी कोंबणारी ही मांडणी मला मुळीच मान्य नाही.

आणि ‘विथ’ तरी मुळात कुठे ‘सोबत’ होता? जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘विरुद्ध, समोर’. ‘विथस्टँड’मध्ये तो अजून शाबूत आहे. ‘सोबत’साठी तेव्हा ‘मिड’ होता, जर्मन ‘मिट’चा सख्खा भाऊ. मध्ययुगात ‘विथ’ने त्याची जागा घेतली आणि तो उरला ‘मिडवाइफ’पुरता: बाळंतिणीसोबत असणारी बाई. (इथे ‘वाइफ’ म्हणजे बायको नव्हे, नुसती बाई.) त्याहून सुंदर गोष्ट अशी की या ‘विथ’चं नातं थेट संस्कृत ‘वि’शी आहे. वियोगातला, विभक्तातला, दूर सारणारा ‘वि’. विवाहातलाही तोच! वि अधिक वह्, म्हणजे मुलीला माहेराहून दूर नेणं.

आपला ‘शी’ही त्या जुन्या ‘विथ’सारखाच ‘समोर’वाला आहे, असं माझं ठाम मत आहे. बोलणं, भांडणं, कुस्ती, सोयरीक, सगळं कोणाशी तरी होतं, कारण दोघं समोरासमोर येतात. ‘शी म्हणजे सह’ असं शिकवणाऱ्यांनी दोन वाक्यं शेजारी ठेवून बघावीत. ‘मराठे मोगलांशी लढले.’ ‘मराठे मोगलांसह लढले.’ ‘शी’चा ‘सह’ केला आणि शत्रू असलेले मोगल मित्र झाले! इंग्रजीत दोन्हीकडे ‘फॉट विथ’च येतं, आणि मोगल कोणाच्या बाजूला होते ते पुढचं वाक्य वाचल्याशिवाय कळत नाही.