एकाच छायाचित्राच्या तीन प्रती : कोणती ठेवावी?

प्रश्न : गूगल फोटोजमधील आमचा संपूर्ण संग्रह टेकआउटद्वारे, म्हणजे आपली माहिती उतरवून घेण्याच्या गूगलच्या सोयीने, संगणकावर उतरवून घेतला. २०१५ च्या सिंहस्थात रामकुंडावर काढलेली छायाचित्रे आता दोन-दोन, तीन-तीनदा दिसतात, शिवाय नातेवाइकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या प्रती वेगळ्याच. अनेक फाइलींवर आजची तारीख आहे. डुप्लिकेट शोधणारे सॉफ्टवेअर चालवून सर्व जादा प्रती एकदम पुसाव्यात का?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : एकदम पुसू नयेत. टेकआउट प्रत्येक छायाचित्र त्या-त्या वर्षाच्या फोल्डरमध्ये ठेवते आणि ते एखाद्या अल्बममध्ये असेल तर त्या अल्बमच्या फोल्डरमध्येही त्याची प्रत देते. म्हणजे दोन अल्बममध्ये असलेल्या छायाचित्राच्या तीन प्रती होणारच. यांपैकी वर्षाच्या फोल्डरमधील प्रत गेली तर फारसे बिघडत नाही, पण अल्बममधील प्रत गेली तर आपण हौसेने लावलेली मांडणी मोडते.

अशी सॉफ्टवेअर दोन प्रकारे तुलना करतात. पहिल्या प्रकारात फाइलमधील सर्व बाइटांवरून हॅश, म्हणजे तिची ओळख पटवणारा सांकेतिक आकडा, काढला जातो आणि तो तंतोतंत जुळला तरच दोन फाइली एक मानल्या जातात. दुसऱ्या प्रकारात चित्रे दिसायला किती सारखी आहेत हे पाहिले जाते, आणि धोका आहे तो इथे. रामकुंडावर डुबकी मारताना लागोपाठ काढलेल्या छायाचित्रांत एकात आजोबांनी नाक धरलेले असते, पुढच्यात ते डोळे उघडून हसत असतात. सॉफ्टवेअरच्या लेखी मात्र दोन्ही जवळजवळ एकच. म्हणून दुसऱ्या प्रकारची यादी स्वतः पाहिल्याशिवाय काहीही पुसू नये.

आधी टेकआउटने दिलेल्या सर्व झिप फाइली एकाच फोल्डरमध्ये उघडाव्यात आणि त्याची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवावी. मग डुपगुरू या मोफत सॉफ्टवेअरमध्ये अल्बमचे फोल्डर ‘रेफरन्स’ म्हणून नोंदवावेत, म्हणजे त्यांतील फाइलींना ते हात लावत नाही, आणि वरील पहिल्या प्रकारे फाइली ताडून वर्षाच्या फोल्डरमधील जादा प्रती काढाव्यात. छायाचित्रांसोबत येणाऱ्या जेसन नावाच्या छोट्या माहिती-फाइली मात्र राहू द्याव्यात. आपण नंतर दुरुस्त केलेल्या तारखा आणि लिहिलेली वर्णने त्यांतच असतात. एक्झिफटूल या सॉफ्टवेअरने ही माहिती छायाचित्रात भरायची असल्यास ते काम जादा प्रती काढल्यानंतरच करावे, कारण एका प्रतीत तारीख भरताच तिचे बाइट बदलतात आणि दुसरीशी हॅश जुळत नाही. आजची तारीख पाहून घाबरण्याचे कारण नाही: ती बहुधा फाइल संगणकावर उतरल्याची असते, कॅमेऱ्याने नोंदवलेली मूळ तारीख छायाचित्राच्या आत शाबूत असते.

व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रतींचे तसे नाही. तिथे चित्र लहान होते आणि कॅमेऱ्याची नोंद गळून पडते, त्यामुळे मूळ छायाचित्राशी हॅश कधीच जुळत नाही. अशा फाइलींच्या नावात बहुधा ‘डब्ल्यूए’ ही अक्षरे असतात. त्या वेगळ्या काढून मूळ छायाचित्र आपल्याकडे असेल तरच पुसाव्यात. मावशीच्या फोनमधून आलेल्या छायाचित्राची तीच एकमेव प्रत असू शकते.

गूगलच्या खात्यातील संग्रह हे सारे पार पडेपर्यंत तसाच ठेवावा.