कोणता काँगो? आधी हे विचारा, मग बंदराचं बघू

तासगावच्या भावाची पोस्ट काल रात्री वाचली आणि झोपच उडाली. त्यानं विचारलंय, "काँगोहून ४० मका गिरण्यांची चौकशी आलीय. सीआयएफ रेट, म्हणजे तिकडच्या बंदरापर्यंत भाडं-विम्यासकट दर मागतोय. बंदर कुठलं धरू? आणि आफ्रिकेचा इतिहास, राजकारण कुणी थोडक्यात सांगेल का, घरचे घाबरलेत." खाली सात-आठ जणांनी "आफ्रिका म्हणजे उद्याचं मार्केट, बिनधास्त जा" असं लिहून अंगठे दाखवलेत. कोणता काँगो, हे एकानंही विचारलं नाही.

२०१४ साली मलाही कुणी विचारलं नव्हतं. त्या एका प्रश्नापायी माझे ८ लाख ४० हजार गेले.

आधीच सांगतो, मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. आयटीआय टर्नर, कुपवाड एमआयडीसीत छोटं वर्कशॉप, हॅमर मिल, म्हणजे धान्य दळायची गिरणी, आणि तिचे स्पेअर्स बनवतो. जे कळलं ते ठेच लागल्यावर वाचून आणि नंतर दोनदा तिकडं जाऊन. आयईसी, एडी कोड, एलयूटी हे निर्यातीचे सुरुवातीचे कागद तुम्ही केले असतीलच, त्यात शिरत नाही. आणि माझी गोष्ट जुनी आहे, नियम बदलत असतात, तेव्हा आजचं काय ते तुमच्या एजंटकडून पक्कं करून घ्या.

झालं असं. पीओवर, म्हणजे ऑर्डरच्या कागदावर, खरेदीदाराचा पत्ता होता लुबुम्बाशी, देश नुसता 'काँगो'. मी गावाकडं बघितलंच नाही. मुंबईच्या क्लिअरिंग एजंटनं फोनवर विचारलं, "काँगोचं पोर्ट कुठलं?" मी नेटवर शोधलं, पॉइंट न्वार नावाचं मोठं खोल पाण्याचं बंदर दिसलं, शेजारी काँगो लिहिलेलं. म्हटलं, हेच. त्यानंही संगणकावर देशांच्या यादीत काँगो नावाच्या दोन ओळी होत्या त्यातली वरची निवडली. बीएलचा, म्हणजे जहाज कंपनीच्या मालाच्या पावतीचा, मसुदा मी खरेदीदाराला मेल केला. तो फ्रेंचवाला, आठ दिवस उत्तर नाही. मी त्याचं गप्प राहणं म्हणजे होकार धरला. सगळ्यात मोठं गाढवपण ते. कंटेनर गेला.

पॉइंट न्वारला उतरल्यावर खरेदीदाराचा फोन आला. मोडकंतोडकं इंग्रजी, पण पहिलं वाक्य स्वच्छ कळलं: "माय फ्रेंड, दिस इज नॉट माय कंट्री."

आता हे आपल्या भाषेत सांगतो. मिरज संस्थानाची थोरली पाती आणि धाकटी पाती आठवा. १८२० साली एका मिरजेच्या दोन झाल्या, धाकटीची गादी बुधगावला. नाव दोघींचं मिरजच. थोरलीचा शेतसारा धाकटीच्या कचेरीत भरला तर पावती कोण देणार? काँगोचं तेच आहे. नदी एक, तिच्यावरून नाव घेतलेले देश दोन. आणि त्यांच्या राजधान्या, किन्शासा आणि ब्राझाव्हिल, नदीच्या दोन काठांवर समोरासमोर. मधे आजही पूल नाही.

हे झालं कसं? १८८० मध्ये ब्राझा नावाचा माणूस फ्रान्ससाठी उत्तर काठावरच्या राजाशी करार करून बसला. दक्षिण काठावर स्टॅन्ली नावाचा शोधप्रवासी बेल्जियमच्या लिओपोल्ड राजासाठी करार गोळा करत फिरत होता. पुढं नोव्हेंबर १८८४ ते फेब्रुवारी १८८५ बर्लिनला १४ सत्तांची परिषद भरली. टेबलाभोवती एकही आफ्रिकन नाही. उत्तर काठ फ्रान्सचा ठरला. दक्षिणेचा अफाट मुलूख लिओपोल्डला मिळाला, तोही बेल्जियम देशाला नव्हे, राजाला खासगीत! रबरासाठी त्यानं तिथं जे अत्याचार केले त्याचा जगभर बोभाटा झाला, तेव्हा १९०८ मध्ये बेल्जियम सरकारनं तो ताब्यात घेतला. १९६० च्या ३० जूनला दक्षिणेचा स्वतंत्र झाला, १५ ऑगस्टला उत्तरेचा, आणि दोघांनी नाव घेतलं काँगो प्रजासत्ताक! मग दक्षिणवाला १९७१ मध्ये झैर झाला, १९९७ मध्ये पुन्हा काँगो, 'लोकशाही' हा शब्द लावून. म्हणून कागदावर तो डीआरसी, डेमोक्रॅटिक रिपब्लिक ऑफ काँगो. देशाचा कोड डीआरसीचा सीडी, ब्राझाव्हिलवाल्याचा सीजी. एका अक्षराचा फरक. माझ्या शिपिंग बिलावर, म्हणजे कस्टमच्या निर्यात कागदावर, सीजी पडलं.

नावं बदलतात यात हसण्यासारखं काही नाही म्हणा. आपला जिल्हासुद्धा १९४९ ला दक्षिण सातारा म्हणून जन्मला आणि सांगली झाला १९६० मध्येच, ज्या वर्षी आफ्रिकेतले १७ देश स्वतंत्र झाले.

बरं, समजा मी डीआरसीच निवडला असता तरी चुकलोच असतो. ही गोष्ट मला पैसे गेल्यावर दोन वर्षांनी कळली. डीआरसीचं क्षेत्रफळ साडेतेवीस लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या सत्तर टक्के. पण समुद्रकिनारा ४० किलोमीटरच्या आत. लिओपोल्डला समुद्राला टेकायला तेवढीच चिंचोळी पट्टी मिळाली. तिच्या वर अंगोलाचा काबिंडा नावाचा सुटा तुकडा, त्याच्याही वर पॉइंट न्वारवाला काँगो. जुन्या नकाशात संस्थानांची गावं आणि इंग्रजांची गावं कशी एकमेकांत अडकलेली असायची, तसं. डीआरसीचं बंदर मातादी, नदीतून आत. तिथून पुढं धबधबे, जहाज जात नाही, म्हणून १८९० ते १८९८ रेल्वे टाकली किन्शासापर्यंत. ठीक. पण लुबुम्बाशी किन्शासापासून विमानानं दीड हजार किलोमीटर, आपल्याला सांगलीहून दिल्ली पडते त्यापेक्षा लांब. मधे सलग धड रस्ता नाही.

मग लुबुम्बाशीचा माल येतो कुठून? टांझानियाच्या दार-ए-सलामहून, नाहीतर दक्षिण आफ्रिकेच्या डर्बनहून, ट्रकनं झांबिया ओलांडून, कासुंबालेसाच्या नाक्यावरून. या नाक्यावर ट्रकची रांग मी डोळ्यांनी बघितलीय. ड्रायव्हर ट्रकखाली चूल मांडून मक्याच्या पिठाचा गोळा शिजवत होते, त्याला तिकडं बुकारी म्हणतात. झांबियात त्यालाच न्शिमा. म्हणजे जेवणाच्या ताटाला विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं की हा भाग पॉइंट न्वारचा नव्हे, झांबियाचा शेजारी. आणि माझ्या गिरण्या कुठं पडल्या होत्या? पॉइंट न्वारला. तिथं लोक प्रामुख्यानं कसावा खातात. मक्याच्या जाळीची गिरणी घ्यायला कोण येणार? एका व्यापाऱ्यानं शेवटी निम्म्या भावात उचलल्या, तोवर डिमरेजचं, म्हणजे बंदरात माल पडून राहिल्याच्या दंडाचं, मीटर चालूच.

रस्ते असे का, हे कळलं की आफ्रिकेचं निम्मं राजकारण कळतं, असं माझं मत आहे. परक्यांनी रूळ टाकले ते खाणीपासून बंदरापर्यंत. या गावाहून त्या गावाला जायला नाही. लुबुम्बाशी म्हणजे कटांगा, तांब्याचा पट्टा. तिथल्या शिंकोलोब्वे खाणीचं युरेनियम अमेरिकेनं हिरोशिमाच्या बाँबला वापरलं. स्वातंत्र्यानंतर अकरा दिवसांत कटांगानं फुटून निघाल्याचं जाहीर केलं, मागं बेल्जियमच्या खाण कंपन्यांचं बळ. पंतप्रधान लुमुंबाला १७ जानेवारी १९६१ ला तिथंच नेऊन मारलं. संयुक्त राष्ट्रांच्या फौजेत आपले जवानही होते. कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया डिसेंबर १९६१ मध्ये याच गावाजवळ लढताना पडले, त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. तेव्हा गावाचं नाव एलिझाबेथव्हिल. मी गेलो तेव्हा हे ठाऊक असतं तर ती जागा शोधली असती. राहून गेलं.

आज त्याच पट्ट्यातून कोबाल्ट निघतं. जगातल्या खाणींतून येणाऱ्या कोबाल्टपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास एकट्या डीआरसीचं. तुमच्या हातातल्या मोबाइलच्या बॅटरीत त्याचा कण असण्याची शक्यता बरीच. झांबियाच्या दक्षिणेला लागून असलेल्या ऱ्होडेशियातल्या (आजचं झिंबाब्वे) गोऱ्यांनी १९६५ मध्ये परस्पर स्वातंत्र्य जाहीर केलं, झांबियाची दक्षिणेची वाट बिकट झाली, तेव्हा चीननं १९७० ते ७५ मध्ये दार-ए-सलामपासून झांबियापर्यंत १८६० किलोमीटरची टाझारा रेल्वे बांधून दिली. चीन कालपरवा आफ्रिकेत गेला असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे. पश्चिमेला अंगोलाच्या लोबितो बंदराहून कटांगाच्या तोंडाशी येणारा दुसरा जुना मार्ग, यादवीत वर्षानुवर्षं बंद पडलेला. त्याच्यासाठी अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बायडेन डिसेंबर २०२४ मध्ये खुद्द लोबितोला जाऊन आले. एका खाणपट्ट्याला दोन समुद्रांकडून दोन महासत्ता दोर लावून ओढतायत. "चीननं आफ्रिका विकत घेतली" असले मेसेज फॉरवर्ड करणाऱ्यांना माझं सांगणं, तिकडचे व्यापारी आणि मंत्री भोळे नाहीत. ते दोन्हीकडून भाव काढून घेतात, आपण बेदाण्याच्या सौद्यात घेतो तसाच.

आता या चुकीपायी ज्या कार्यालयात हेलपाटे घातले, ते. नाव घेत नाही, आमच्या भागातली एका बँकेची शाखा एवढंच. ॲडव्हान्स आला होता डीआरसीतून, शिपिंग बिल दुसऱ्या काँगोचं, अर्धे पैसे तिसऱ्याच माणसाकडून. तीन कागद तीन तोंडांनी बोलत होते. मी सरळ पत्र घेऊन गेलो, चूक झाली, दुरुस्तीचा मार्ग सांगा. काउंटरवरचे साहेब म्हणाले, "अहो, काँगो तो काँगोच ना? शेजारीच असतील." नकाशा छापून नेला. म्हणाले, "हे वर पाठवतो." वर कुठं, ते अकरा फेऱ्यांत कळलं नाही. रिझर्व्ह बँकेच्या संगणकात ती निर्यात 'पैसे येणे बाकी' अशी तीन वर्षं उघडी राहिली, आणि प्रत्येक नव्या ऑर्डरच्या वेळी मी थकबाकीदार असल्यासारखा उभा. शेवटी एक नवी मुलगी बदलून आली. तिनं अर्धा तास कागद वाचले, दोन मेल केले आणि पंधरा दिवसांत नोंद बंद झाली. डोकं आधीच्यांनाही होतं की! लावायचं नव्हतं. जाऊ दे, याच्यावर लिहायला लागलो की बीपी वाढतं.

घरचे घाबरलेत म्हणता. जानेवारी २०२५ मध्ये एम-२३ बंडखोरांनी गोमा घेतलं ते टीव्हीवर बघून असेल. गोमा पूर्वेला, रवांडाच्या सीमेवर. लुबुम्बाशीपासून हजार-अकराशे किलोमीटर. भीती खोटी नाही, पण काश्मीरात गोळीबार झाला म्हणून कुणी हुबळीची ऑर्डर रद्द करत नाही. अर्थात माल तुमचा, जोखीम तुमची, उद्या तिकडं काय होईल ते मी सांगू शकत नाही.

संपूर्ण खंडाचा इतिहास थोडक्यात मागितलाय, तो मी देणार नाही. देताच येत नाही. भारताच्या नऊपट जमीन, संयुक्त राष्ट्रांचे ५४ सदस्य देश, त्यातल्या १६ देशांना समुद्र नाही. तुम्हाला आपल्या खरेदीदाराचा देश कळला तरी पुष्कळ. त्यावर आधी कुणाचं राज्य होतं ते बघा, त्यावरून कागदांची भाषा आणि कायद्याची पद्धत ठरते. डीआरसी, ब्राझाव्हिल फ्रेंच. अंगोला, मोझांबिक पोर्तुगीज, ते १९७५ पर्यंत सुटलेच नव्हते. झांबिया, टांझानिया, केनियात इंग्रजी चालते. मग देशाला बंदर आहे का, नसेल तर कुणाचं वापरतो ते बघा. इथिओपियाला होतं, १९९३ मध्ये इरिट्रिया वेगळा झाला आणि किनारा गेला. आता त्याचा जवळजवळ सगळा माल जिबुतीतून जातो, आणि त्या चिमुकल्या जिबुतीत अमेरिका, चीन, फ्रान्स, जपान सगळ्यांचे तळ. कारण समोर लाल समुद्राचं तोंड. नोव्हेंबर २०२३ पासून तिथं जहाजांवर हल्ले सुरू झाले, बऱ्याच कंपन्यांनी जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालून नेली, आणि कुपवाडात बसून माझ्या कोटेशनचे आकडे बदलले.

जाता जाता, स्वतः जाणार असाल तर पीतज्वराची लस किमान दहा दिवस आधी घ्या आणि लसीच्या दाखल्याचं पिवळं कार्ड पासपोर्टला रबर लावून ठेवा. परत येताना ते नसेल तर आपल्याच विमानतळावरून सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात घालतात. माझ्याबरोबरचे एक पाहुणे तसे अडकले होते.

तर आता एवढं करा. खरेदीदाराला आजच मेल टाका: शहर, देशाचं पूर्ण नाव, माल शेवटी कुठल्या नाक्यावरून आत येणार आणि तिथलं क्लिअरिंग कोण करणार. उत्तर लेखी आल्याशिवाय रेट देऊ नका. डीआरसी निघाला तर जहाज सुटण्याआधी 'फेरी' नावाचा मालाचा इलेक्ट्रॉनिक दाखला लागतो आणि माल निघण्याआधी तपासणी असते. तो खर्च कुणाचा ते प्रोफॉर्मावरच, म्हणजे आगाऊ दिलेल्या कच्च्या बिलावरच लिहा. बीएलचा मसुदा त्यानं "ओके" म्हटल्याशिवाय अजिबात पुढं ढकलू नका. आठ दिवस गप्प राहिला तर नवव्या दिवशी फोन करा, फ्रेंच येत नसेल तर दुभाषा धरून करा.

पत्ता लुबुम्बाशी, लिकासी किंवा कोलवेझी असा निघाला तर मला मेसेज करा. दार-ए-सलामचा एक फॉरवर्डर, म्हणजे माल पुढं पोचवणारा, आहे, चार कंटेनर नीट पोचवलेत त्यानं, गाठ घालून देतो. किन्शासा निघाला तर दुसरं कुणी बघा, मातादीचा मला अनुभव नाही. आणि ब्राझाव्हिल निघाला तर आधी तिकडं मका कोण दळतं ते विचारा.