सल्ला वसुलीचा : गाडी फिरते, बिल थकतं

प्रश्न : आम्ही दुकानं, हॉटेलं आणि कारखान्यांचा कचरा उचलतो. बिल महिनाअखेरीस जातं, मुदत ३० दिवसांची. काही ग्राहक तीन-चार महिने पैसे देत नाहीत. मागितले की 'गाडी आलीच नव्हती' म्हणतात. सेवा बंद करावी का?

उत्तर : करावी, पण आधी थकबाकी दोन भागांत विभागा : ग्राहकाची तक्रार असलेली बिलं आणि कसलीच तक्रार नसलेली. दोन्हींना एकच स्मरणपत्र गेलं, की खोटी सबब सांगणाऱ्याला खऱ्या तक्रारदाराचा आडोसा मिळतो.

तक्रारीचा निकाल नोंदींवर लागतो. प्रत्येक फेरीची तारीख, वेळ, गाडीचा जीपीएस मार्ग, रिकाम्या केलेल्या कंटेनरचा फोटो आणि वजनावर दर असेल तर काटापावती, एवढं बिलाच्या क्रमांकाखाली लावून ठेवा. फेरी खरोखर चुकली असेल, तर तेवढी रक्कम त्याच दिवशी वजा करा आणि उरलेली मागा. एका चुकलेल्या फेरीपायी अख्खं बिल अडतं ते बहुधा इथेच. जादा फेरी, जास्त भरलेला कंटेनर किंवा सुक्या कचऱ्यात ओला मिसळल्याचा आकार बिलात वेगळ्या ओळीत हवा. त्याचा फोटो ग्राहकाला बिलाआधीच जायला हवा. महिन्यानंतर पाठवलेल्या फोटोवर तो वादच घालतो.

बिल कोणाकडे जातं तेही तपासा. गेटवर सही करणारा सुपरवायझर पैसे देत नाही. लेखा विभागाला खरेदी आदेशाचा क्रमांक लागतो; तो नसला तर बिल मुकाट्याने बाजूला पडतं.

आता मुदतीचं. महिनाभर काम, मग बिल, वर ३० दिवस. म्हणजे मुदत संपते तेव्हा दोन महिन्यांचं काम उधार झालेलं असतं. आणखी महिनाभर वाट पाहिली तर तीन. म्हणून मुदतीच्या पाच दिवस आधी आठवण, मुदत उलटताच फोन, सातव्या दिवशी सेवा बंद होण्याची तारीख लिहिलेलं पत्र आणि त्या तारखेला खरोखर बंद. तारीख एकदा पुढे ढकलली की पुढच्या पत्राला कोणी भीक घालत नाही. मात्र करारात थांबवण्याचा अधिकार आणि पूर्वसूचनेची मुदत लिहिलेली हवी. नव्या ग्राहकाकडून दोन महिन्यांची ठेव किंवा आगाऊ बिल घेणं हा खरा उपाय.

प्रश्न : सेवा थांबवली, पण आमचा भरलेला कंटेनर तिथेच आहे. उचलावा का?

उत्तर : कंटेनर तुमचा, कचरा त्यांचा. भरलेला उचललात की विल्हेवाटीचा खर्च तुमच्या अंगावर. शेवटच्या फेरीतच रिकामा करून तो परत आणायचा, हे वेळापत्रकात आधीच बसवा. राहिलाच तर झाकणाला कुलूप, तारखेसह फोटो आणि उचलण्याचे पैसे आगाऊ. करारात नसेल तर बंद काळाचं भाडं लावू नका, नवा वाद उभा राहतो. दवाखान्याचा किंवा घातक कचरा मात्र असा अचानक थांबवू नये. तिथे ठेव आणि आगाऊ रक्कम हाच मार्ग.

प्रश्न : ग्राहक थोडेच पैसे देतो. कुठल्या बिलात जमा करावेत?

उत्तर : त्याने बिल सांगितलं असेल तर त्यात, नाहीतर सर्वांत जुन्या, वाद नसलेल्या बिलात. पोच देताना उरलेली रक्कम आकड्यात लिहा. 'पूर्ण व अंतिम' असं लिहिलेला चेक वकिलाला दाखवल्याशिवाय बँकेत भरू नका.